छप्पन वर्षांची वॉग्सॉय

नॉर्वेतल्या बर्गनहून रात्री निघालेली किनारी बोट मॉलॉयच्या धक्क्याला लागते तेव्हा पहाटेचे चार वाजून गेलेले असतात, आणि ऑक्टोबरात उजाडायला त्यानंतरही जवळपास चार तास लागतात. पहिल्या खेपेला मी तिथे उतरले तेव्हा गाव दिसण्याआधी मला ते वासावरून कळले. ताजी मासळी, डिझेल, ओले दोरखंड आणि कुठल्याशा कारखान्यातून येणारा माशाच्या तेलाचा उग्र दर्प यांचा मिळून होणारा तो वास देवगडच्या बंदरावर लहानपण काढलेल्या माणसाला नवा नव्हता. फक्त थंडी नवी होती. माझे काम शीतकरणाच्या यंत्रणांचे असल्यामुळे मासे गोठवणाऱ्या कारखान्यांत माझे जाणेयेणे असते आणि मॉलॉयला त्यानंतर मी चार-पाच वेळा गेले. प्रत्येक वेळी परतताना एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली: ज्या वॉग्सॉय पालिकेचे हे मुख्य गाव होते ती पालिका आता अस्तित्वात नाही, आणि तरीही तिच्याशिवाय या गावाचा हिशेब मांडता येत नाही.

पालिका हा शब्द मी नाइलाजाने वापरते आहे. नॉर्वेतील ‘कोम्युने’ ही आपल्या नगरपरिषदेसारखी केवळ शहरापुरती नसते. तिच्यात शहर, वाड्या, शेते, डोंगर, बेटे आणि किनाऱ्यालगतचा समुद्रही येतो. प्राथमिक शाळा, वृद्धांची देखभाल, पाणी, स्थानिक रस्ते आणि जमिनीच्या वापराचे नियोजन ही कामे तिच्याकडे असतात. नियोजनाचा तिचा अधिकार किनाऱ्याच्या आधाररेषेच्या, म्हणजे समुद्राची हद्द जिथून मोजतात त्या रेषेच्या, पलीकडे आणखी एक सागरी मैल जातो, आणि मत्स्यशेतीच्या काळात या एका मैलाला फार किंमत आली आहे. अशी ही वॉग्सॉय पालिका १ जानेवारी १९६४ रोजी जन्माला आली. उत्तर वॉग्सॉय आणि दक्षिण वॉग्सॉय या दोन छोट्या पालिका आणि शेजारच्या सेल्ये व डाविक या पालिकांचे काही तुकडे एकत्र करून ती बनवली गेली. क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास. १ जानेवारी २०२० रोजी ती विसर्जित झाली. म्हणजे तिचे एकूण आयुष्य छप्पन वर्षांचे.

ही जागा ६२व्या अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला, नॉर्डफियोर्ड या जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या (फियोर्डच्या) तोंडाशी आहे. पालिकेला नाव देणारे वॉग्सॉय हे बेट ५९ चौरस किलोमीटरचे, डोंगराळ आणि जवळपास वृक्षहीन. त्याचा सर्वांत उंच माथा ‘वेटेन’ ६१३ मीटरचा आहे. या नावाचा अर्थ इशाऱ्याच्या जाळाची टेकडी असा होतो, आणि समुद्रातून शत्रू दिसला की माथ्यावर जाळ करून पुढच्या माथ्याला कळवण्याची जी पद्धत या किनाऱ्यावर होती तिची ती खूण आहे. बेटाची पश्चिम बाजू उघड्या समुद्राला भिडते. तिथे वारा आणि लाटा यांना काहीही आडवे येत नाही. पूर्व बाजूला मात्र बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये उल्वेसुंद नावाची अरुंद, खोल आणि शांत सामुद्रधुनी आहे. मॉलॉय हे या सामुद्रधुनीवर वसले आहे, उत्तरेकडचे रेउदेबर्ग हे दुसरे मासळीचे गावही तिच्यावरच आहे. नकाशा हातात घेतला की वस्ती कुठे आहे हे न पाहताच सांगता येते: जिथे लाट पोहोचत नाही तिथे.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिणोत्तर जाणारी जहाजे शक्यतो बेटांच्या आतल्या बाजूने, आडोशाच्या मार्गाने जातात. पण वॉग्सॉयच्या उत्तरेला स्टाड नावाचे द्वीपकल्प आहे, आणि तिथे हा आडोसा संपतो. बेटे नाहीत, लपायला जागा नाही, आणि वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या लाटा एकमेकींवर आदळून समुद्र असा खवळतो की आधुनिक जहाजेही थांबून वाट पाहतात. व्हायकिंग काळात लोक आपल्या नौका स्टाडला वळसा घालण्याऐवजी ड्रागसाइड या खिंडीतून जमिनीवरून ओढून पलीकडे नेत. याच द्वीपकल्पाच्या पोटातून १.७ किलोमीटर लांबीचा जहाजांचा बोगदा खणण्याच्या योजनेला २०२१ मध्ये नॉर्वेच्या संसदेने मंजुरी दिली. त्यानंतर खर्चाचे आकडे फुगत गेले आणि बोगद्यापेक्षा त्यावरचा वादच लांबत गेला. वॉग्सॉयच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. स्टाडच्या दक्षिणेला जहाजांनी थांबण्याजोगे जे चांगले बंदर आहे ते उल्वेसुंदमध्ये आहे. वादळामुळे अडकलेले जहाज इंधन घेते, बर्फ घेते, दुरुस्ती करून घेते, जाळी शिवून घेते. शेजाऱ्याच्या वाईट हवामानावर एखाद्या गावाचे पोट चालावे, याचे याहून स्वच्छ उदाहरण मी पाहिलेले नाही.

वाऱ्याची गोष्ट निघाली आहे तर क्रोकनेसचा उल्लेख करायलाच हवा. बेटाच्या वायव्य टोकावर, समुद्रात घुसलेल्या उघड्या कातळावर १९०६ साली बांधलेले दीपगृह आहे. एवढ्याशा पालिकेत एकूण चार दीपगृहे होती, यावरूनच या पाण्याची कल्पना यावी. उल्वेसुंद आणि स्कोंगेनेस ही दोन १८७० सालची, क्रोकनेस १९०६चे आणि हेंडानेस १९१४चे. १ जानेवारी १९९२च्या ‘नववर्षाच्या चक्रीवादळा’ने या सगळ्या किनाऱ्याला झोडपले होते. त्या वेळी लहान असलेली माणसे आजही घराच्या कुठल्या खोलीत आपल्याला झोपवले होते ते सांगतात. मॉलॉयचा पूल हा मुख्य भूमीला बेटाशी जोडणारा सव्वा किलोमीटरचा काँक्रीटचा पूल असून तो सत्तरच्या दशकात झाला. ठरावीक दिशेने वारा सुटला की तो वरच्या पट्टीतला ‘सा’ लावतो, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. मी तो ऐकण्यासाठी दोनदा मुद्दाम पुलाखाली जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा वारा भलत्याच दिशेने होता आणि मला फक्त सर्दी झाली.

क्रोकनेसजवळ एक लहानसे तळे आहे, आणि भूगर्भशास्त्र व हवामानशास्त्र यांच्या जगात ते दीपगृहापेक्षा अधिक प्रसिद्ध आहे. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकभोवतीचा प्रदेश अचानक पुन्हा थंडावला होता. त्या काळात या तळ्याच्या वरच्या कड्यात एक छोटी हिमनदी तयार झाली आणि तिच्यातून धुऊन आलेला गाळ तळाशी थरावर थर साचत गेला. त्या थरांत अडकलेली पाने, बिया, परागकण आणि आइसलँडच्या ज्वालामुखीची राख यांच्या आधारे संशोधकांनी त्या काळाचे हवामान अतिशय बारकाईने उलगडले आहे. या पालिकेचा सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे हा चिखल, असे म्हणायला हरकत नाही.

आता मासळीकडे येते, कारण इथे बाकी सगळे तिच्या मागून आले. नॉर्वेच्या या किनाऱ्याचे नशीब शेकडो वर्षे हेरिंग या माशाने ठरवले. हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी त्याचे प्रचंड थवे किनाऱ्याला येत. ज्या वर्षी येत त्या वर्षी गावे उभी राहत. येत नसत तेव्हा ती रिकामी होत. वॉग्सॉयच्या दक्षिणेला असलेले फ्लोरो हे शहर १८६० साली हेरिंगसाठीच वसवले गेले. वॉग्सॉयमध्ये खारवण्याची गोदामे, डबाबंद मासळीचे कारखाने आणि हेरिंग उकडून तेल व पेंड काढणारे कारखाने सामुद्रधुनीच्या काठाने उभे राहिले. एका धंद्यातून उरलेले दुसऱ्याने उचलायचे, ही इथली रीत तेव्हापासूनची आहे.

या तेलापायी वॉग्सॉय दुसऱ्या महायुद्धात ओढले गेले. माशाच्या तेलापासून ग्लिसरीन बनते आणि ग्लिसरीनपासून स्फोटके. शिवाय या तेलातील जीवनसत्त्वे नॉर्वेचा ताबा घेतलेल्या जर्मन सैन्याला हवी होती. २७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी ब्रिटिश नौदल, हवाई दल आणि कमांडो यांनी मिळून दक्षिण वॉग्सॉयवर छापा घातला. त्यांच्यासोबत कॅप्टन मार्टिन लिंगे यांच्या नेतृत्वाखाली नॉर्वेजियन सैनिकही होते. तेलाचे कारखाने आणि साठे जाळण्यात आले, बंदरातील जहाजे बुडवण्यात आली, ९८ जर्मन कैदी पकडले गेले. रस्त्यांवर घराघरांतून झालेल्या चकमकीत १७ कमांडो पडले आणि खुद्द लिंगेही ठार झाले. त्यांच्या तुकडीला पुढे त्यांचेच नाव मिळाले. इतिहासाची पुस्तके या छाप्याचा परिणाम हिटलरने नॉर्वेत वाढवलेल्या फौजेच्या रूपाने मोजतात, आणि ते बरोबरच आहे. पण गावाच्या बाजूने पाहिले तर दोस्तांनी आपल्याच बाजूच्या लोकांचे कारखाने जाळले होते आणि छाप्यानंतर जहाजे परत गेल्यावर मागे राहिलेल्यांना जर्मनांसोबतच राहायचे होते. गावाच्या नावाचीही एक गंमत या छाप्याशी जोडलेली आहे. मूळ मॉलॉय हे सामुद्रधुनीतले एक चिमुकले बेट होते, तिथे जर्मनांच्या तोफा होत्या. पुढे बेट आणि गाव यांच्यामधला चिंचोळा पाण्याचा पट्टा भरून काढण्यात आला आणि बेटाचे नाव गावाचे झाले.

युद्धानंतर कारखाने पुन्हा उभे राहिले आणि पन्नासच्या दशकात हेरिंग भरभरून मिळाला. मग जाळे यंत्राने ओढणारी कप्पी आणि थवा शोधणारे सोनार आले. पूर्वी थव्याला किनाऱ्यापर्यंत येऊ द्यावे लागे. आता बोटी त्याला खुल्या समुद्रात गाठू लागल्या. साठचे दशक संपता संपता हेरिंगचा साठा अक्षरशः कोसळला. म्हणजे वॉग्सॉय पालिकेची स्थापना झाली त्या १९६४ सालापासून पाच-सहा वर्षांतच तिच्या अर्थव्यवस्थेचा मुख्य मासा नाहीसा झाला. ज्या पालिकेच्या वाट्याला जन्मतःच असे संकट आले ती कागदावर टिकली, हेच मला विशेष वाटते. १९८३ साली जन्मलेल्या माशांच्या मोठ्या पिढीने हेरिंगला पुन्हा वर काढले, तोवर जवळपास दोन दशके गेली होती.

मधल्या काळात मॉलॉयच्या बोटी लांब गेल्या. शेकडो, हजारो गळ लावलेली लांबच लांब दोरी खोल समुद्रात सोडायची आणि लिंग, टस्क, कॉड हे तळाशी राहणारे मासे पकडायचे, हा धंदा इथल्या लोकांनी आपलासा केला. पूर्वी गळाला आमिष हाताने लावावे लागे. नंतर ते काम यंत्र करू लागले आणि या बोटी आठवडेच्या आठवडे समुद्रात राहू लागल्या. १ जानेवारी १९७७ पासून नॉर्वेने आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचे आर्थिक क्षेत्र जाहीर केले तेव्हा परदेशी बोटी मागे हटल्या. त्याचा फायदा लांब जाणाऱ्या या ताफ्याला झाला. १९९७ साली मॉलॉयला शहराचा दर्जा मिळाला. जेमतेम तीन हजार वस्तीच्या ठिकाणाला शहर म्हणताना मला अजूनही अवघडल्यासारखे होते, पण देशातल्या मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होते.

माझी कामे ठरतात ती शरद ऋतूत, कारण तो मॅकरेलचा हंगाम असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात या माशात चरबीचे प्रमाण शेकडा २५ ते ३० पर्यंत जाते, आणि जपानी गिऱ्हाइकाला नेमका हाच चरबीदार मासा हवा असतो. एका सकाळी बोट रिकामी होताना मी धक्क्यावर उभी होते. बोटीच्या पोटातील टाक्यांत मासे शून्याच्या आसपास थंड केलेल्या समुद्राच्या पाण्यात तरंगत असतात. बर्फाचा चुराही नाही आणि टोपल्याही नाहीत. मांडीएवढ्या जाडीची नळी टाकीत सोडतात, पोकळीच्या दाबाने पाणी आणि मासे एकत्र खेचले जातात, जाळीवर पाणी गळून जाते आणि निळ्याहिरव्या पट्ट्यांचे मासे सरकत्या पट्ट्यावर घरंगळत कारखान्यात जातात. बाजूला एका स्टीलच्या टेबलावर एक बाई नमुन्याचा एकेक मासा तराजूवर ठेवून त्याचे वजन नोंदत होती: ४१२, ३८८, ४५५. ती लिथुआनियाची होती. कारखान्याच्या जेवणघरात नॉर्वेजियनइतकीच पोलिश आणि लिथुआनियन भाषा कानावर येते. चारशे ग्रॅमच्या वरचा मासा एका भावात जातो, खालचा दुसऱ्या. त्यामुळे त्या तराजूकडे बोटीचा तांडेलही अधूनमधून डोकावून पाहत होता. एकाही माशाला माणसाचा हात लागत नाही, अपवाद फक्त या टेबलाचा. पुढे वजनाप्रमाणे प्रतवारी, वीस किलोंची खोकी, आणि मग जोराच्या थंड हवेने गोठवणे. ते झाले की माझे खाते सुरू होते.

मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा थोरला, जाडजूड चुलतभाऊ. त्या दिवशी मला भेट मिळालेले दोन मासे मी बर्गनला नेऊन तिखट-कोकम लावून तळले, पण इतकी चरबी तव्यावर सुटली की बांगडा तळल्याची खूण पटेना. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आणि या देशाचा धागा मात्र माशाच्या नात्यापेक्षा पक्का आहे. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात नींदकरा येथे यांत्रिक बोटी, बर्फाचे कारखाने आणि गोठवणीची विद्या आणणारा प्रकल्प सुरू झाला. तिथून यांत्रिक मासेमारीने पश्चिम किनाऱ्यावर हळूहळू मूळ धरले, त्याचे बरेवाईट फळ कोकणातल्या बंदरांनीही चाखले आहे.

धक्क्यावर जे दिसत नाही ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते म्हणजे विक्रीची पद्धत. मॅकरेल आणि हेरिंग पकडणारी बोट आपल्या गावच्या व्यापाऱ्याकडे जात नाही. बोट समुद्रातच असताना तांडेल बर्गनस्थित विक्री संघाला कळवतो की अमुक ठिकाणी अमुक टन मासा पकडला आहे आणि त्याचे सरासरी वजन इतके आहे. संघ त्याचा लिलाव करतो, किनाऱ्यावरचे कारखाने बोली लावतात, आणि ज्याची बोली लागेल त्याच्या धक्क्याकडे बोट वळते. हा संघ मच्छीमारांच्याच मालकीचा असून पहिल्या विक्रीचा मक्ता त्याला कायद्याने दिलेला आहे. १९३८च्या कच्च्या मासळीच्या कायद्याने ही व्यवस्था पक्की केली आणि २०१३ साली नव्या कायद्याने ती पुढे चालू ठेवली. मंदीच्या काळात व्यापाऱ्यांनी भाव पाडून नागवलेल्या लोकांनी मिळवलेला हा हक्क आहे. मालवण-देवगडकडे लिलावाच्या वेळी व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून घेतलेला भाव ऐकत मोठ्या झालेल्या मला त्याची किंमत कोणी समजावून सांगावी लागली नाही. मात्र यामुळे मॉलॉयच्या कारखान्याला मॉलॉयच्या बोटीचा मासा हक्काने मिळत नाही. त्याला ओलेसुंदशी, एगरसुंदशी, प्रसंगी ब्रिटनच्या शेटलंड बेटांशीही बोली लावून भिडावे लागते.

बोटीची मालकी हा दुसरा कळीचा प्रश्न. कायद्याने मासेमारी बोटीची बहुसंख्य मालकी प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यांकडेच असावी लागते, त्यामुळे बाहेरचा भांडवलदार थेट ताफा विकत घेऊ शकत नाही. पण कोटा, म्हणजे किती मासा पकडायचा याचा ठरवून दिलेला वाटा, बोटीबरोबर हलतो, लहान बोटींचे कोटे मोठ्या बोटींत गोळा होतात, आणि बोटी व माणसे दोन्ही कमी होत जातात. एक नवी बोट आली की गावात फटाके वाजतात. तिच्यामुळे किती जुन्या बोटी भंगारात गेल्या याचा हिशेब त्या दिवशी कोणी काढत नाही. त्यातच मॅकरेलच्या वाटणीवरून नॉर्वे, ब्रिटन, युरोपीय संघ, फेरो बेटे आणि आइसलँड यांचे वर्षानुवर्षे एकमत झाले नाही; प्रत्येकाने स्वतःचा आकडा ठरवला आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर जात राहिली. २०१९ मध्ये या माशाचे शाश्वततेचे प्रमाणपत्र निलंबित झाले, आणि २०२५च्या सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेने पुढील वर्षासाठी पकड सुमारे ७० टक्क्यांनी कमी करण्याचा सल्ला दिला. गोठवणीची क्षमता वाढवून ठेवलेल्या कारखान्यांना हा आकडा काय करतो, हे मला व्यवसायामुळे फार जवळून दिसते.

सॅमनची शेती हा या किनाऱ्याचा दुसरा पैसा. मासळीचे डोके आणि काटे इथे वाया जात नाहीत. त्यांचे तेल व पेंड होऊन ती सॅमनच्या खाद्यात जातात. सॅमनच्या अंगावरील उवांचा जंगली माशांवर किती परिणाम होतो यावरून २०१७ पासून सरकार किनाऱ्याच्या तेरा भागांना हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा देते: हिरवा मिळाला तर उत्पादन वाढवा, लाल मिळाला तर घटवा. दोन भागांमधली एक सीमा स्टाडवरच आहे, कारण तिथे समुद्राचे प्रवाहच वेगळे होतात. २०२० मध्ये स्टाडच्या दोन्ही बाजूंना लाल दिवा लागला. नव्या परवान्यांच्या विक्रीतून आलेल्या रकमेचा मोठा हिस्सा एका निधीमार्फत किनाऱ्यावरच्या पालिकांना मिळतो. पहिले मोठे वाटप २०१८ मध्ये झाले. त्या एका सागरी मैलावर कोणाचा अधिकार, याला किंमत आली ती यामुळे.

पवनचक्क्या (मेहुकेन येथे २००१ पासून), रेफविकचा दीड किलोमीटरचा पांढऱ्या वाळूचा किनारा आणि ‘कानेस्टाइन’ नावाचा कुत्र्याच्या छत्रीसारखा खडक यांवर पर्यटन चालते, पण पोट त्यावर नाही. खडक मात्र ओहोटीला जाऊन पाहावा. लाटांनी गोल फिरवलेल्या गोट्यांनी हजारो वर्षे त्याचा बुंधा घासून बारीक केला आहे आणि ते गोटे अजून त्याच्या पायाशी पडलेले असतात.

राहिला प्रश्न २०२०चा. नॉर्वेत पालिकांची संख्या साठच्या दशकातील फेररचनेत ७४४ वरून ४५४ वर आली होती. वॉग्सॉय त्याच लाटेत जन्मली. २०१७ साली संसदेने पुन्हा नवा नकाशा मंजूर केला आणि २०२० मध्ये संख्या ३५६ झाली. या लाटेत वॉग्सॉय गेली. तिचा पूर्वेकडील ब्रिग्या-मॉरस्टाडचा भाग नव्या स्टाड पालिकेकडे गेला आणि उरलेली वॉग्सॉय फ्लोरो शहराच्या फ्लोरा पालिकेशी जोडून ‘किन’ ही पालिका तयार झाली. (लिहिताना किन, बोलताना पहिला वर्ण ‘ह’ आणि ‘श’ यांच्या मधला काढावा लागतो आणि तो मला नऊ वर्षांत जमलेला नाही.) हे किन नाव नवे नव्हते. फ्लोरोजवळच्या, मध्ययुगीन चर्च असलेल्या बेटावरून पडलेल्या या नावाची पालिका १९६४ सालीच, म्हणजे वॉग्सॉय जन्मली त्याच दिवशी, विसर्जित झाली होती.

नकाशा पाहिला तर ही जोडणी चमत्कारिक वाटते, कारण वॉग्सॉय आणि फ्लोरा यांच्या सीमा एकमेकींना लागतच नाहीत. मध्ये ब्रेमांगेर ही तिसरी पालिका पसरलेली आहे आणि ती विलीनीकरणात सामील झाली नाही. गाडीने जायचे तर फेरीबोट धरून, तिसऱ्याच पालिकेच्या हद्दीतून जावे लागते. या व्यवस्थेची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात आणि सुरुवातीला मीही त्यांच्यात होते. पण जलद प्रवासी बोटीने मॉलॉयहून फ्लोरोला साधारण तासाभरात पोहोचता येते, आणि या किनाऱ्यावर रस्ते येण्याआधी सगळ्या शेजारांची मोजणी पाण्यावरूनच होत असे. समुद्राकडून पाहिले तर मॉलॉयला फ्लोरो जितके जवळ आहे तितकी फियोर्डच्या आतली, शेतीवर आणि गुरांवर जगणारी गावे नाहीत. माझी शंका भूगोलाबद्दल नाही, धंद्याबद्दल आहे. फ्लोरोचा डोलारा बऱ्याच अंशी खनिज तेलाच्या पुरवठा तळावर उभा आहे, मॉलॉयचा मासळीवर. एकाला बंदरात पुरवठा जहाजांसाठी जागा हवी, दुसऱ्याला मासळीच्या बोटींसाठी. दोघांचीही शाळा, वृद्धाश्रम आणि दवाखाना यांच्यासाठीची थैली आता एकच. एका पालिकेत दोन तोलामोलाची बंदरे असली की प्रत्येक ठरावाला दोन बाजू फुटतात, आणि मॉलॉयमध्ये कॉफीच्या टेबलावर फ्लोरोचे नाव निघाले की आवाज थोडा चढतोच.

गेल्या हंगामात माझे काम संपल्यावर परतीच्या बोटीला वेळ होता म्हणून मी धक्क्याने चालत गेले. एका जुन्या लोखंडी बोटीला नवा निळा रंग लागत होता. नॉर्वेत मासेमारी बोटीच्या नाकाडावर नोंदणीची खूण असते: आधी जिल्ह्याची अक्षरे, मग क्रमांक, शेवटी पालिकेचे अक्षर. या बोटीवर जुन्या सोन-ओग-फ्योर्दाने जिल्ह्याची ‘एस’ आणि ‘एफ’, आणि शेवटी वॉग्सॉयचा ‘व्ही’ होता. ही अक्षरे नुसती रंगवलेली नसतात, कडेने वेल्डिंगची रेघ मारून पत्र्यावर उठवलेली असतात, त्यामुळे ताज्या निळ्याखालूनही ती स्पष्ट वाचता येत होती. रंगाऱ्याला मी विचारले की हे घासून काढत नाही का. घासायला दोन दिवस जातील आणि हेरिंगचा हंगाम तोंडावर आहे, असे म्हणून त्याने ‘व्ही’च्या पोटात साचलेला रंगाचा ओघळ ब्रशने पुसून घेतला.